शोणेचं मनगट

पूर्वी शूर्पारक बंदरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका न्हाव्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव मंगल. हात हलका, बोलणे कमी. नुकतेच त्याचे लग्न झाले होते. बायको पाटली हीसुद्धा कमीच बोलायची, पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

त्या नगरात नगरश्रेष्ठीच्या पुढाकाराने व्यापाऱ्यांनी एक करुणाशाळा बांधली होती. समुद्राने ज्यांचे डोळे, पाय किंवा घरची माणसे नेली, अशी वीस-पंचवीस माणसे तिथे राहत. त्यांची व्यवस्था सुमुख पाही. चालता धंदा सोडून तो सेवेला लागला होता आणि मोबदला घेत नव्हता. त्यामुळे त्याला कुणी काही विचारीत नसे. फुकट राबणाऱ्याला काय विचारायचे, असे लोकांना वाटे.

दर पौर्णिमेला दाते येत. शाळेतली माणसे ओळीने बसत आणि उजवा हात उचलून म्हणत, ‘‘आम्ही सुखी आहोत. दात्यांचे कल्याण असो.’’ त्याच्या तीन दिवस आधी मंगल पुरुषांच्या दाढ्या करी आणि पाटली बायकांची नखे काढी. माणसे सुखी दिसण्यात न्हाव्याचा वाटा मोठा असतो.

एकदा घरी परतताना पाटली म्हणाली, ‘‘अहो, ते सुमुखदादा सगळ्यांच्या हाताला लाल रक्षासूत्र बांधतात ना, ते चार बोटं रुंद कशाला हो? देवाला बारीक दिसत नाही का?’’

‘‘मायेनं बांधतात गं.’’

‘‘असेल. शोणाआजीचा पट्टा मी जरा वर सारायला गेले, तर त्यांनी चटका बसल्यासारखा हात ओढून घेतला. मायेचा चटका मी तरी पहिल्यांदाच बघितला.’’

मंगल चालता चालता थांबला. गेल्या महिन्यात एका आंधळ्या खलाशाच्या पट्ट्याखाली त्यालाही लाल वळ दिसला होता. दोरा काचला असेल, असे म्हणून त्याने दाढी उरकली होती. तो तिथूनच मागे फिरला.

शोणा पिंपळाखाली एकटी बसली होती. डोळे जाण्यापूर्वी ती कोळ्यांची जाळी विणीत असे. मंगलने विचारले, ‘‘आजी, पट्ट्याखाली काय आहे?’’

पट्टा चाचपत ती म्हणाली, ‘‘काथ्याच्या दोराचा वण. मला समुद्रावर जायचं होतं. सुमुख म्हणाला, पडशील. मी म्हणाले, पडेन. तेव्हापासून दाराला बाहेरून कडी घालतो, खाटेला बांधतो. उलट बोललं की जेवण नाही. गाठ मात्र कच्ची मारतो रे. माझ्या जाळ्यात असली गाठ मी चालवली नसती.’’

मंगल जायला वळला. ‘‘आत्ताच राजाकडे जातो.’’

‘‘बस खाली!’’ शोणा कडाडली. ‘‘मला न विचारता सगळे माझं भलंच करत आलेत. त्यात तुझी भर नको.’’

मंगल खाली बसला. ‘‘चुकलो, आजी. तुला काय हवं?’’

‘‘पौर्णिमेला राजा येणार आहे. माझं मी बोलेन. तू फक्त हत्यार धारेला लावून आण. आणि तोवर मला इथे एकटं ठेवू नका.’’

‘‘श्रेष्ठींच्या कानावर घालू का? शाळा त्यांची आहे.’’

‘‘घाल. माझं नाव सांगितलंस तरी चालेल.’’

बायकांना न्हाऊ घालायचे निमित्त काढून पाटली त्याच दिवशी शाळेत राहायला आली आणि तिने आपली चटई शोणेच्या खाटेला लावली. सुमुख म्हणाला, ‘‘कशाला एवढी तसदी?’’ ती म्हणाली, ‘‘सेवेची आवड, दादा. तुमच्याकडे बघूनच लागली.’’

नगरश्रेष्ठीने मंगलचे सगळे ऐकून घेतले आणि तो हळू आवाजात म्हणाला, ‘‘हे बाहेर गेलं तर दाते पाठ फिरवतील. शाळा बंद पडेल. मग त्या आंधळ्यांना तू सांभाळशील? हे बघ, राजवाड्यात न्हाव्याची जागा रिकामी आहे. मी शब्द टाकतो.’’

मंगलने उत्तर दिले, ‘‘शेठ, दाते मिळावेत म्हणून माणसं बांधून ठेवायची असतील, तर ती शाळा नव्हे, गोठा आहे. आपला शब्द आपल्यापाशीच राहू द्या.’’

पाटलीला हे कळले तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘‘बरं केलंत. राजवाड्यातल्या लोकांची नखं काढायला फार वाकावं लागतं म्हणे.’’

पौर्णिमा आली. राजा आसनावर बसला. सुमुखाने खूण केली आणि हात वर गेले. शोणेचा हात मांडीवरच राहिला.

‘‘आजीचं वय झालंय, महाराज,’’ सुमुख हसून म्हणाला.

‘‘वय झालंय, वाचा गेलेली नाही,’’ शोणा म्हणाली. ‘‘मी सुखी नाही. मंगल, काप रे.’’

मंगल पुढे झाला. सुमुख मध्ये येऊन उभा राहिला. ‘‘न्हाव्या, मर्यादेत राहा!’’

‘‘मनगट तिचं आहे, दादा. तिनं थांब म्हटलं तर थांबतो.’’ एवढे बोलून मंगलने नखे काढायची नराणी चालवली. लाल पट्टा खाली पडला आणि उघड्या मनगटावर काळानिळा वण दिसला.

सुमुखाच्या डोळ्यांत पाणी आले. ते खरेही असेल. ‘‘पडू नये म्हणून बांधलं, महाराज. पंधरा वर्षं मी यांच्यासाठी देह झिजवला!’’

राजा विरघळू लागला. दातेही माना डोलावू लागले. तेवढ्यात तो आंधळा खलाशी म्हणाला, ‘‘मंगल, माझाही काप.’’ त्याच्या पलीकडून आणखी एक हात पुढे आला. मग आणखी. आशीर्वादासाठी उचललेले हात एकेक करून मंगलसमोर येत राहिले. शाळेच्या फरशीवर लाल पट्ट्यांचा ढीग पडला आणि माना डोलायच्या थांबल्या.

राजाने श्रेष्ठीला विचारले, ‘‘तुम्हाला ठाऊक होतं?’’

श्रेष्ठीने मान खाली घातली. ‘‘तीन दिवसांपूर्वी कळलं, महाराज.’’

राजाने सुमुखाला तिथून हलवले आणि चौकशी नेमली. मग तो मंगलला म्हणाला, ‘‘आता ही शाळा तू सांभाळ.’’

‘‘महाराज, हे मला नका विचारू,’’ मंगल म्हणाला. ‘‘इथं राहतात त्यांना विचारा.’’

शोणा म्हणाली, ‘‘दाराची कडी आतून हवी. कारभारात आमची दोन माणसं हवीत. आणि दर महिन्याला कुणी बाहेरच्यानं येऊन आम्हाला एकेकट्याला विचारावं, ओळीत बसवून नव्हे. सेवक कितीही थोर असला तरी विचारावं. थोर असला तर जास्तच विचारावं. बाकी पुढचं पुढे. मला आत्ता समुद्रावर जायचंय.’’

राजाने पालखी मागवली. शोणेने नको म्हटले. वाटेत ती दगडाला अडखळून पडली. मंगल धावला, पण तिने हात पुढे केला नव्हता, म्हणून जवळ जाऊन थांबला. ती स्वतःच उठली, गुडघे झटकले आणि लाटांच्या आवाजाच्या रोखाने चालू लागली.

विहारातल्या आजारी भिक्षुणींच्या दालनाला बाहेरून कडी घातली जाते, हे उघडकीस आले तेव्हा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, आपल्या मागच्या एका जन्माची ही कथा सांगितली. सांगून झाल्यावर शास्ता म्हणाला, ‘‘त्या वेळचा सुमुख म्हणजे ती कडी घालणारा आजचा सेवक. विहाराची अब्रू जाईल म्हणून गप्प बसा, असे सांगणारा दाता तेव्हा नगरश्रेष्ठी होता. मागच्या रांगेत गालात हसते आहे ती उपासिका म्हणजे पाटली. जिने पहिली तक्रार केली ती काठीवाली वृद्ध भिक्षुणी शोणा होती. आणि तो न्हावी मीच होतो. भिक्षूंनो, अशा वागण्याला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात. करुणेनेसुद्धा आधी विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे.’’

दालनाची कडी त्याच दिवशी आतून बसवली गेली. कुठे बसवायची ते वृद्ध भिक्षुणीने काठीने दाखवले.