साकवावरची मुहूर्तमेढ

आंबेघोळला आलात आणि जांभळी नदीवरचा साकव पाहिला नाहीत, तर मग पाहिलंत तरी काय? शेजारी सिमेंटचा पूल झालाय, एसटी त्यावरूनच जाते. पण वेळूचा हा अरुंद साकव गावानं अजून मोडू दिलेला नाही. त्याच्या कठड्याला हळद माखलेले, आंब्याचे टहाळे बांधलेले उंच वेळू दिसतील. त्या लग्नांच्या मुहूर्तमेढी. साऱ्या मुलखात मेढ अंगणात रोवतात, इथं ती साकवाला बांधतात. का, एवढं नुसतं विचारा. म्हातारेकोतारे पान बाजूला ठेवून सरसावून बसतात. कारण मग सटवाजी बुरडाची गोष्ट सांगायला मिळते!

सटवाजी सुपं, टोपल्या, कणग्या विणायचा. त्याची बायको भिवरा पंचक्रोशीची सुईण. तिनं कुठं बाळंतीण सोडवली की हा बाळाला निजवायला नवंकोरं सूप घेऊन मागोमाग हजर. मोल विचारलं तर म्हणे, "बारशाच्या घुगऱ्या धाडा, झालं." असा माणूस.

त्याला एकच लेक, येसू. तिचं लग्न ठरलं तेव्हा जन्मभर दुसऱ्यांसाठी विणणाऱ्या सटवाजीनं ठरवलं, आता एकदा आपल्या पोरीसाठी. असा मांडव घातला म्हणे, की बघणाऱ्यांच्या माना दुखल्या. वेळूच्या पट्ट्यांची जाळी, तिच्यात विणलेले राघू आणि मोर. घरातला झाडून सारा वेळू त्यात गेला. आणि पुढं मेढ, एकाच अखंड, उंच वेळूची. लग्न लागेपर्यंत मेढ हलवायची नाही. ती हलली तर नवरीचा संसार हलतो, असा समज.

हळद लागली, वऱ्हाड आलं आणि वरच्या डोंगरात वळीव कोसळला. नदी तांबडीलाल होऊन आली आणि जुना साकव घेऊन गेली. वऱ्हाड अलीकडेच होतं, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. इतक्यात पलीकडच्या काठावरून बिरू धनगराची हाक आली.

"भिवरामावशी! बायको अडलीया! पोर आडवं आलंय, धावा!"

भिवरानं पदर खोचला. पण जायचं कसं? नवा साकव बांधावा, तर वेळूचं बेट नदीपलीकडे. सटवाजीनं मांडवाकडं पाहिलं. मग कोयता घेऊन तो वर चढला आणि त्यानं पहिला बंद तोडला.

व्याही हैबती, अंगानं चांगला भरलेला गडी, ताडकन उठला. "सोयरं, मांडव मोडताय? आमी आल्या पावली माघारी जाऊ!"

"जावा म्हणायची माझी छाती न्हाई, पाव्हणं," सटवाजी हात जोडून म्हणाला, "पन तिथं बाई मरतीया."

सारा गाव धावला! नदी जिथं दोन कातळांत चिंचोळी होते, तिथं वेळूला वेळू सांधत, बांधत, पुढं ढकलत नेले. पलीकडे बिरूनं टोक धरलं. पण मांडवाचे वेळू तोकडे. सांधे लागले वाकायला. मधून एक तरी अखंड वेळू हवा होता. तो कुठं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मांडवापुढची ती मेढ मागणार कोण? मांडव सटवाजीचा होता, त्यानं मोडला. संसार पोरीचा होता.

तो मागं वळला, तर मुंडावळ्या बांधलेली येसू स्वतःच मेढ उपटून ओढत आणत होती!

"बाबा, माझा संसार मी बघीन. आईला जाऊ द्या."

मग हैबतीच पुढं होऊन तिला मेढ उचलू लागला. वेळू आरपार बसला, पण अलीकडचं बूड वर उठायला लागलं. तसा हा गडी जरीच्या फेट्यासकट चिखलात त्या बुडावर जाऊन बसला आणि ओरडला, "जावा, विहीणबाई! मी हाय हितं!"

भिवरा गेली. मुहूर्त टळला. भटजी सावलीकडं बघून हळहळले, पण जागचं कुणी हललं नाही. आणि मग पलीकडून बाळाचं रडणं आलं! हलगीवाल्यानं थाप मारली, सटवाजी नाचला म्हणे, आणि नाचता नाचता थबकला. बाळाला सूप! घरात तर पट्टीसुद्धा उरली नव्हती. त्यानं येसूच्या रुखवतातलंच सूप उचललं आणि साकवावरून धूम ठोकली.

मांडवाशिवाय, नदीकाठी, उघड्या आभाळाखाली लग्न लागलं. येसूचा संसार कसा झाला, विचारता? नातवंडांना घर पुरेना! पुढं बिरूची ती पोर लग्नाची झाली, तेव्हा तो तिची मेढ खांद्यावर घेऊन साकवापाशी आला. "हितनंच तिचा जीव आला," म्हणाला, आणि कठड्याला बांधली. सटवाजी तेव्हा थकला होता. त्यानं बिरूला मिठी मारली आणि पोरासारखा रडला.

तेव्हापासून हा रिवाज. आजही आंबेघोळात अंतरपाट धरण्याआधी नवरीची आई साकवावरून पलीकडे जाऊन येते. आणि ती परत येईपर्यंत नवऱ्याचा बाप, मग तो कितीही मोठा असो, इस्त्रीच्या कपड्यांनिशी साकवाच्या टोकावर बसून राहतो.