तांब्याची नळी आणि हिरवा डाग

एका जंगलाच्या पोटात माणसांनी सोडून दिलेला एक बंगला होता आणि त्या बंगल्याच्या भिंतीत एक खार राहत असे. भिंत विटा-मातीची. तिच्यातली एक वीट कधीतरी निखळली होती, त्या खबदाडात खारीने कापूस-काथ्या भरून घर थाटलं होतं. आत तिची दोन पिल्लं होती, अजून डोळेही न उघडलेली. त्या पिल्लांवर तिचा जीव होता. आणि मुलांनो, खरं सांगायचं तर तिचा जीव आणखी एका गोष्टीवर होता. ती म्हणजे तांब्याची नळी!

टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी या नळीतून खाली यायचं, भिंतीला धरून वळण घ्यायचं आणि अंगणातल्या दगडी डोणीत पडायचं. बंगल्यातली सगळी जनावरं तिथेच पाणी पीत. नळीची देखभाल खारीकडे होती आणि तिचा तोरा काय वर्णावा! बंगल्यात माणसं होती तेव्हा घरधनीण सणावाराला तांब्याचा बंब चिंचेने घासायची, ते खारीने लहानपणी पाहिलं होतं. तेव्हापासून हिचं ठरलेलं. सकाळ झाली की चिंचेचं बुटुक घ्यायचं आणि नळी घासत सुटायचं. नळी अशी लखलखायची की खार तिच्यात आपल्या मिश्या बघून घ्यायची.

एके दिवशी आपल्या खबदाडाच्या जरा वर, नळीच्या वळणावरच्या सांध्यापाशी, तिला एक हिरवा डाग दिसला. जेमतेम करंजाच्या बीएवढा. "शी! हे काय ध्यान!" म्हणत तिने तो चिंचेने घासून काढला. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा हजर. तिने पुन्हा घासला. भिंतीच्या पायथ्याशी एक म्हातारी घोरपड राहायची. अंगाने खरखरीत आणि बोलायला त्याहून खरखरीत. ती मान वर करून म्हणाली, "अगं बाई, तांबं उगाच हिरवं पडत नाही. ओल लागते म्हणून पडतं. ती ओल कुठून येते ते बघ की आधी!"

"एवढासा तर डाग आहे, आजी."

"डाग एवढासाच असतो. नळीची खुंटी सैल झालीय. पाण्याच्या जोराने नळी थरथरते आणि सांधा उकलतो. वेलीने नळी खुंटीला आवळ, सांध्याला झाडाची राळ भर. सकाळी बसलीस तर दुपारी मोकळी होशील."

खारीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नळी हिची आणि शहाणपण शिकवणार ही पोटावर सरपटणारी! "राळ? माझ्या नळीला राळेचा काळा गोळा? आणि परवा मोर येणार आहे नळी बघायला. त्याला काय दाखवू, वेलींचं गाठोडं? थेंबभर पाण्याने काय आभाळ कोसळणार आहे!"

"थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ना? मग थेंबाथेंबाने भिंत खचणार नाही होय? भिंतीला पोट लावून झोपते मी. काल गार लागली, आज ओली लागली. तुझी पोरं आहेत गं त्या भिंतीत!"

शेवटचं वाक्य खारीला लागलं. ती खबदाडात शिरली, पिल्लांच्या अंगाखाली हात घालून पाहिला. कापूस किंचित दमट होता. पण माणूस काय आणि खार काय, नको ते दिसलं की कानाडोळा करायला सगळे सारखेच. तिने ओला कापूस काढून कोरडा घातला आणि स्वतःशीच म्हणाली, "मोर येऊन जाऊ दे, मग बांधू." त्या दिवशी तिने सांधा दुप्पट घासला. आंबटाने तांबं उजळतं खरं, पण रोजच्या आंबटाने ते झिजतंही, हे तिला कोण सांगणार? आणि सांगितलं तरी ऐकायला तिला वेळ कुठे होता!

मोर आला. बरोबर दोन लांडोरी आणि तमाशा बघायला झाडभर वानरं. "वा! वा! अशी नळी सात जंगलांत नाही," मोर म्हणाला. खार शेपटी फुलवून डोणीच्या काठावर उभी होती. इतक्यात तिच्या कानांना काहीतरी खटकलं. रोजची थरथर नव्हती ती. भिंतीच्या आतून सूं सूं आवाज येत होता. वळणाशी गिलावा फुगला, त्याचा एक पोपडा पडला आणि मागून गढूळ पाण्याची चिळकांडी उडाली. सांधा फुटला होता. खबदाडाच्या वरची वीट हळूहळू पुढे कलली आणि तिने दाराचा अर्धा भाग बुजवून टाकला. आतून चीं चीं ऐकू आली.

"माझी पोरं!" खार किंचाळली. मोर केव्हाच पिसारा गोळा करून पळाला होता. खारीने झेप घेतली, पण भिंतीचा चिखल झालेला, नखांना पकडच मिळेना. ती घसरून खाली आली, पुन्हा उडी मारली, पुन्हा घसरली. वीट आणखी खाली सरकली. आता खार शिरेल एवढीही फट उरली नव्हती.

तेवढ्यात तिच्या शेजारून काहीतरी जडसं सरसरत वर गेलं. घोरपड! चिखलातून आतल्या विटांत नखं रोवत ती वर चढली आणि त्या विटेखाली पाठ घालून तिने फट रुंदावली. भिंतीचं ओझं तिच्या कण्यावर आलं. "बघत काय राहिलीस? माझ्या शेपटीवरून चढ!" ती दात आवळून ओरडली. खार चढली, आत शिरली, एक पिल्लू तोंडात धरून आली आणि खाली गवतात ठेवून पुन्हा वर धावली. "आजी, धर गं! एवढं एकच राहिलंय, धर!" घोरपडीने नखं आणखी खोल रोवली. खारीने दुसरं पिल्लू उचलून उडी घेतली आणि मागे सगळी भिंत धाडकन बसली.

धुरळा नव्हता, नुसता चिखल. वानरांनी टेकडीवर धावत जाऊन झऱ्यावरचं नळीचं तोंड दगडाने बुजवलं. खार विटा उकरत रडत होती, "आजी! आजी गं!" बऱ्याच वेळाने एका विटेखालून खरखरीत आवाज आला, "रडतेस कशाला? उकर की नीट." घोरपड निघाली खरी, पण तिचा मागचा एक पाय कायमचा अधू झाला. नळी दुरुस्त होईपर्यंत सगळ्यांना लांबच्या नदीवर जावं लागलं. घोरपडीला तेवढं चालवेना. तिच्यासाठी खार रोज गालफडं भरभरून पाणी आणत असे आणि मान खाली घालून तिच्यापुढच्या खापरात ओतत असे.

पुढे नळी पुन्हा उभी राहिली. खुंटीखुंटीला वेलीने आवळलेली, सांध्यासांध्याला राळ भरलेली. खार आता ती घासत नाही. रोज सकाळी आपलं कोरडं पोट नळीला लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाते. केस जिथे ओले होतील तिथे थांबते आणि तो सांधा आवळल्याशिवाय न्याहारी करत नाही.

एकदा मोर पुन्हा तिकडून चालला होता. नाक मुरडून तो म्हणाला, "काय गं ही दशा! किती कळकट झाली तुझी नळी!"

खारीने एकदा आपल्या खेळणाऱ्या पिल्लांकडे पाहिलं, एकदा उन्हात लंगडा पाय पसरून झोपलेल्या घोरपडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "कळकट आहे, पण कोरडी आहे."

तात्पर्य : डाग पुसला म्हणजे गळती थांबत नाही; ओल दिसेल त्याच दिवशी तिचं मूळ शोधावं.