करपलेली चतकोर

एका बाजारगावात विश्राम नावाचा एक गृहस्थ लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करायचा. लोक कॅमेऱ्यात भरलेलं लग्न त्याच्याकडे आणून द्यायचे. विश्राम त्यातल्या लांबलचक जेवणावळी कापायचा, हळदीवर हळदीचं गाणं चढवायचा, नवरानवरीवर आकाशातून फुलं पाडायचा आणि त्याची सीडी करून द्यायचा. नाव विश्राम असलं तरी सीडीसाठी दिलेला वार त्यानं कधी चुकवला नव्हता. त्याचा संगणक जुना होता, हळू होता, पण भरवशाचा होता.

संगणकाच्या प्रोसेसरमध्ये कोर असतात. जेवढे कोर, तेवढे कामाला हात. विश्रामच्या प्रोसेसरला दोन होते. एके दिवशी त्यानं इंटरनेटवर वाचलं की, या प्रोसेसरमध्ये खरं तर चार कोर असतात आणि कारखाना त्यातले दोन बंद करून तो स्वस्तात विकतो. कधी ते कोर कच्चे निघतात म्हणून बंद करतात, कधी चांगले असूनही करतात. यातलं पहिलं कारण विश्रामनं वाचलं आणि तो ते विसरला. दुसरं मात्र त्याला लगेच पाठ झालं.

त्यानं सेटिंगमध्ये शिरून दोन्ही बंद कोर एका दमात उघडले. पडद्यावर चारचा आकडा उमटला. माणूस हरखून गेला. त्यानं संगणकाला हार घातला, पेठेत पेढे वाटले आणि मुबारक पेंटरकडून दुकानाच्या पाटीवर लिहून घेतलं, 'चार कोरवर मिक्सिंग'. कोर म्हणजे काय ते अर्ध्या पेठेला ठाऊक नव्हतं. पेढा मात्र सगळ्यांना आवडला.

त्याच आठवड्यात सर्जेराव फौजी आपल्या लग्नाचं शूटिंग घेऊन आला. त्याची रजा संपत आली होती. रविवारी सकाळच्या गाडीनं त्याला सीमेवर परत जायचं होतं.

"अण्णा, लगीन माझं, पर मी काय बी बघितलं न्हाई," तो म्हणाला. "म्होरं अंतरपाट, डोळ्यांवर मुंडावळ्या. आता तिकडं बर्फात बसून बघीन म्हनतो. सीडी घेऊनच जायची हाय."

"चार कोर हायती आता. तू निवांत ऱ्हा," विश्रामनं शब्द दिला.

काम सुरू झालं. हळद पार पडली, नवरदेव मांडवात आला, अंतरपाट धरला गेला आणि पडदा निळा होऊन संगणक बंद पडला. विश्रामनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अंतरपाट, पुन्हा निळा पडदा. तिथं त्यानं भरपूर फुलं पाडली होती, त्यामुळे कामाचा सगळा भार तिथंच यायचा.

विश्रामनं विजेवर संशय घेतला आणि स्टॅबिलायझर आणला. मग मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली. पंखा पुसला. विंडोज नव्यानं टाकलं. शेवटी तर त्यानं सर्जेरावाला निरोप पाठवून विचारलं की, लग्न मुहूर्तावर लागलं होतं ना. उघडलेल्या कोरांवर मात्र त्याचा संशय जाईना. गेला असता तर पाटी पुसावी लागली असती, आणि वाटलेले पेढे काही परत घेता येत नाहीत. इकडे जाणारायेणारा दारातून विचारू लागला, "काय विश्रामअण्णा, लागलं का सर्जाचं लगीन?"

शनिवारी दुपारी तो जेवायला बसला तेव्हा त्याचं डोकं तापलेलं होतं. ताटात भाकरी पडली. तिची एक बाजू काळी दिसली तसं त्यानं ताट सारलं.

"आवो, चतकोर करपलीया," त्याची बायको मालन म्हणाली. "सगळी भाकरी कशापायी लोटताय?" तिनं काळी चतकोर मोडून बाजूला ठेवली आणि उरलेली भाकरी परत ताटात वाढली.

विश्राम त्या भाकरीकडे बघत राहिला. चार चतकोरांची एक भाकरी. आपले कोरही चार.

"आन् वरनं काळं दिसतच नसंल तर? करपलेली कंची, ते कसं कळायचं?" त्यानं विचारलं.

मालनला वाटलं, नवरा भाकरीलाच नावं ठेवतोय. "एकेक तुकडा चाखून बघा," ती फणकाऱ्यानं म्हणाली. "सगळं एकदम तोंडात कोंबल्यावर काय कळनार हाय?"

विश्राम जेवून उठला. पण एकेक कोर चाखत बसायला आता वेळ नव्हता, रविवार तोंडावर आला होता. नवे दोन्ही कोर बंद करायचे, तर सगळ्या पेठेत हसं होणार होतं. त्याला लाज वाटली आणि चांगलीच वाटली. मग सर्जेराव रिकाम्या हातानं गाडीत चढताना त्याच्या डोळ्यांसमोर आला. त्यानं दोन्ही कोर बंद केले आणि जुन्या दोन कोरांवर काम लावून दिलं. काम आपल्या जुन्या, संथ चालीनं पुढे सरकू लागलं. विश्राम त्या रात्री बऱ्याच दिवसांनी नावाप्रमाणे वागला आणि गाढ झोपला.

सकाळी सीडी तयार होती. सर्जेराव ट्रंक घेऊन दुकानात आला. गाडीला अजून थोडा अवकाश होता, म्हणून विश्रामनं त्याला अंतरपाटाचा भाग लावून दाखवला. कॅमेरा नवरीच्या बाजूला होता. ती मान खाली घालून गालातल्या गालात हसत होती.

"हासत हुती व्हय," सर्जेराव हळूच म्हणाला. "मला वाटलं, रडतीया."

त्यानं सीडी गणवेशाच्या घडीत नीट ठेवली आणि विश्रामचा हात हातात घेतला. पाटीवर लिहिलेल्या चार कोरांची त्यानं चौकशीसुद्धा केली नाही. गाडी सुटल्यावरही विश्रामला बराच वेळ फार बरं वाटत होतं.

मग त्यानं सवडीनं चाखायला घेतलं. आधी फक्त तिसरा कोर उघडला आणि सगळी फुलं पाडून पाहिली. संगणकानं हूं की चूं केलं नाही. मग तिसरा बंद करून चौथा उघडला. अंतरपाटापाशी पडदा निळा पडला. करपलेली चतकोर सापडली. कुणी म्हणालं, वीज जरा वाढवून दिली तर चौथाही चालेल. विश्राम म्हणाला, "करपल्यालं तूप लावून खायची हौस न्हाई मला." चौथा त्यानं कायमचा बंद केला आणि तिसरा ठेवला.

मुबारक पेंटर पाटी नव्यानं रंगवायला घेऊन जायला आला. "अण्णा, चारचं तीन करू?"

"कोरचं नावच काढ," विश्राम म्हणाला. "लिही, 'दिलेल्या वारी सीडी मिळेल'."

पेठेनं तिसऱ्या कोरचे पेढे मात्र मागून खाल्ले, आणि विश्रामनंही ते हसत दिले.

तात्पर्य: नवं काही जोडल्यावर काम बिघडलं, तर लाज न बाळगता आधी पहिल्या जागी परत यावं आणि दिलेला शब्द पुरा करावा. मग नव्याची एकेक करून पारख करावी, चांगलं ठेवावं आणि करपलेलं काढून टाकावं. ही पारख पाटी रंगवायच्या आधी केली, तर रंगही वाचतो.