दामूची सुट्टी आणि बापाची पोटदुखी

एकदा एका तेलाच्या व्यापाऱ्याच्या पोटात दुखू लागले. वैद्याचा उपयोग नव्हता, कारण दुखण्याचे मूळ शेजारच्या घरात होते. शेजारी कापडाचा व्यापारी. वैशाखात शाळेला सुट्टी लागताच त्याने आपल्या मुलासाठी घरी शास्त्रीबुवा ठेवले आणि भल्या पहाटे भिंतीपलीकडून पाढे ऐकू येऊ लागले. एकेका पाढ्यासरशी आमच्या तेलवाल्याच्या अंगाची लाही लाही होई. त्याचा स्वतःचा दामू मात्र दिवसभर नदीत डुंबे आणि संध्याकाळी चिखलाने माखून, हसत घरी येई. ते हसणे बापाला पाढ्यांहूनही अधिक झोंबे.

शेवटी त्याने दामूचे आजोळी जाणे रद्द केले आणि त्याला पाटी देऊन ओट्यावर बसवले. चार दिवसांत पोर असे कोमेजले की येत असलेले पाढेही त्याला आठवेनात. शेजारचा पुढे चालला आणि आपला मागे सरकला, या जळफळाटात व्यापारी नदीकाठी राहणाऱ्या वृद्ध आचार्यांकडे गेला. लहानपणी तो त्यांच्यापाशीच शिकला होता.

"गुरुजी, सुट्टीभर पोराला तुमच्या पायाशी ठेवून घ्या. काही करून तो कापडवाल्याच्या पोराच्या पुढे गेला पाहिजे."

आचार्य म्हणाले, "दामूचं राहू दे. उद्या दुपारी दुकान बंद कर आणि तू ये."

दुसऱ्या दिवशी आचार्यांनी करंजाच्या सावलीत घोंगडी अंथरली, व्यापाऱ्याला तिच्यावर पडायला सांगितले आणि "काही करू नकोस" एवढेच म्हणून स्वतः डोळे मिटले. हे काय खूळ, ते व्यापाऱ्याला कळेना. त्याने कूस बदलली, मुंग्या झटकल्या. समोरच्या डोहात गावची पोरे उड्या मारीत होती. पाहता पाहता त्याच्या पोटात तीच कळ उठली. वास्तविक तेथे ना पाढे होते, ना कापडवाला.

"का रे, झोप येत नाही?" आचार्यांनी विचारले.

"कशी येईल? कार्टी केवढ्याने बोंबलताहेत! काही कामधंदा नाही मेल्यांना."

"त्यांच्या वयाचा असताना तू उन्हाळ्यात काय करायचास?"

"मी? बाबांनी आठव्या वर्षीच दुकानात बसवलं. सुट्टी म्हणजे घाण्यावरून डबे आणायचे. मला अजून पोहता येत नाही, गुरुजी." शेवटचे शब्द बोलताना त्याचा आवाज असा कापला की त्याचे त्यालाच नवल वाटले.

आचार्य उठून बसले. "कापडवाल्याचं पोर हे नुसतं निमित्त आहे. तुला हेवा वाटतो तो दामूचा. जे तुला कुणी दिलं नाही, ते त्याला मिळतंय, हे तुला सोसवत नाही. अरे, वर्षभर मूल आपल्या सांगण्यानं शिकतं. सुट्टीत सांगणारं कुणी नसतं, म्हणून ते आपणहून पाण्यात उतरतं, गटांगळ्या खातं आणि आपल्याच बळावर तरंगतं. तो धीर घेऊन ते पुन्हा पाटीपुढे बसतं. गेल्या वर्षी आजोळहून आलेला दामू वर्गात सगळ्यांच्या आधी उठून उत्तर देऊ लागला, हे तूच मला कौतुकानं सांगितलं होतंस. ते त्याला कोणत्या शास्त्रीबुवांनी शिकवलं होतं?"

उन्हे उतरल्यावर व्यापारी घरी आला. दामू ओट्यावरच होता. बापाला पाहताच त्याने घाईघाईने पाठ ताठ केली.

"दामू, कपडे बांध. सकाळी मामाकडे निघायचं."

दामूचा विश्वास बसेना. त्याने भीत भीत विचारले, "आधी किती पाढे म्हणू, बाबा?"

व्यापाऱ्याने त्याच्या हातातली पाटी काढून घेतली. "एकही नाही," तो म्हणाला.

आपल्या वाट्याला न आलेली सुट्टी कोणी आपल्या मुलाकडून वसूल करू नये.