ढवळीचं भुकेलं पिल्लू

फार जुनी गोष्ट. तेव्हा गोठ्यातली जनावरं एकमेकांची लेकरंही सांभाळायची.

खाडीकाठच्या एका गोठ्यात ढवळी नावाची शेळी होती. आईवेगळं झालेलं कुत्र्याचं पिल्लू तिनं आपल्या दुधावर वाढवलं. पण दूध आटलं आणि ढवळीच्या जिवाला घोर लागला. आता याला घालायचं काय?

तिनं वडाचा कोवळा पाला आणला. पिल्लानं तो नुसता हुंगला. कोंबडीनं नाचणी टिपून आणली, म्हशीनं आपली पेंड पुढं सरकवली. पिल्लानं कशालाच जीभ लावली नाही. चौथ्या दिवशी त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या.

"माज आलाय त्याला," म्हैस म्हणाली. "पोटात आग पडली की खाईल मुकाट्यानं."

ढवळीला ते पटेना. ती पिल्लाला चाटत बसली. तेवढ्यात त्यानं मोठी जांभई दिली आणि ढवळी दचकून मागं सरली. वर-खाली सुईसारखे सुळे! असे सुळे तिनं एकदाच पाहिले होते, तिचं करडू नेणाऱ्या कोल्ह्याच्या तोंडात.

हे दात पाला चावायचे नव्हेत, हे तिला उमगलं. मग ती उठली आणि पिल्लाला घेऊन शेजारच्या कोळणीच्या दारात जाऊन उभी राहिली. कोळणीनं मासळी कालवलेला भात पुढ्यात ठेवला. पिल्लानं मान वर न करता तो फस्त केला.

ढवळी परत आल्यावर कोंबडीनं लांबूनच विचारलं, "अगं, त्या सुळ्यांना तूच बळ देतेस? भीती नाही वाटत?"

"वाटते गं," ढवळी म्हणाली. "पण उद्याही त्याला तिकडंच नेणार."