चवळी खाणारा मध्यस्थ

"मग मी निघू, करामोको?"

झुमाना कुलिबालीने पुन्हा विचारलं. करामोको म्हणजे गुरुजी. माली देशात, नायजर नदीच्या काठी, सेगू शहरात बाकारी त्राओरे या म्हाताऱ्या फकिराला लहानथोर सगळे याच नावाने हाक मारत.

दारात डेम्बा दियालो उभा होता. फुलानी गुराखी, हातात काठी, कपाळाला आठ्या. नदीपलीकडे शेतकऱ्यांची बाजरी अजून उभी होती आणि याची गुरं भुकेली होती. उद्या सकाळी गुरं शेतात शिरली की काठ्या चालणार, माणसं मरणार. कोणीतरी मध्ये पडायला हवं होतं. गुरुजींच्या गुडघ्यांनी तर कधीच हात टेकले होते.

झुमाना नुकताच राजधानीतून, बामाकोहून शिकून आला होता. भरपूर शिकला होता, आणि ते चारचौघांत सांगितल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं.

"आधी देश सांग," गुरुजी म्हणाले.

स्वारी खुलली. उत्तरेला सहारा, तिथून उंटांवर येणाऱ्या मिठाच्या लाद्या. मध्ये नायजर, वाळवंटाला शिवून परत फिरणारी. दक्षिणेला कापूस, आंबे, सोनं. समुद्र कुठेच नाही. टिंबक्टूतल्या पोथ्या, सोन्याने जगाचे डोळे दिपवणारे जुने राजे, मग फ्रेंच, मग १९६० साली स्वातंत्र्य. मग देशातल्या जमाती: बांबारा, फुलानी, सोंघाई, दोगोन, बोझो, तुआरेग... कुठेही अडखळला नाही. छान सांगितलं हो, खोटं कशाला बोलू.

गुरुजींनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"चवळी खाऊन एवढं पाठ होतं होय रे?"

आता हे आपल्याकडच्या वाचकाला सांगायला हवं. मालीत आडनावं एकमेकांची थट्टा करतात. त्राओरेने कुलिबालीला चवळीखाऊ म्हणायचं, कुलिबालीने सवाई उत्तर द्यायचं. बाजारात, लग्नात, अगदी मयतालासुद्धा. राग मानायचा नाही, आणि ज्याच्याशी थट्टा जुळली त्याच्यावर काठी उगारायची नाही. कुलिबाली तर साऱ्या देशाचे हक्काचे चवळीखाऊ. ओळख ना पाळख, कोणीही यावं आणि टपली मारून जावं.

झुमानाने मान खाली घातली. गुरूला उलट कसं बोलणार?

गुरुजी वाट बघत राहिले...

"पाठवा की याला," दारातून डेम्बा म्हणाला. त्याच्या कपाळावरच्या आठ्या जरा सैल झाल्या होत्या. "फक्त गुरांच्या पुढे चालू देऊ नका. चवळीचा वारा लागला तर जनावरं उधळतील."

"तोंड सांभाळून बोल. तुमचं भांडण मिटवायला येतोय मी."

डेम्बाचं हसू मावळलं. काठी खांद्यावर टाकून तो वळला.

"थांब," गुरुजी त्याला म्हणाले. मग झुमानाकडे न बघताच, "तू नाही जायचंस."

याच कामासाठी तो परतला होता. त्याने विचारलं, काय चुकलं? नदी चुकली? साल चुकलं?

"काहीच नाही चुकलं."

"मग?"

"देश अगदी बरोबर सांगितलास. डेम्बाने दारातून थट्टेची हाक मारली, तेव्हा ओ दिली नाहीस."

...

झुमानाला लाज वाटली. मनापासून वाटली. तो दाराकडे गेला.

"डेम्बा, ज्या गुरांसाठी भांडतोयस ना, ती माझ्या आजोबांची. तुला नुसतं शेण काढायला ठेवलं होतं."

मग झुमाना गुरुजींकडे वळला.

"आणि करामोको, तुम्ही हसू नका. आमच्या घरी चवळी शिजली की भांडं चाटायला कोण यायचं, ते अख्ख्या सेगूला ठाऊक आहे."

डेम्बा असा हसला की काठी खाली पडली. ती तशीच टाकून तो उंबऱ्यावर बसला आणि झुमानाला शेजारी जागा करून दिली. हसून हसून गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"आता?" झुमानाने विचारलं.

"आता निघ. शेतकऱ्यांकडे पोचलास की आधी जेवायला चवळी माग."