तांबोळ्याचा वारा आणि गावची मांजरं

एका गावात एक तांबोळी राहत होता, आणि त्याच्या अंगणाच्या भिंतीला लागून गावातली झाडून सगळी मांजरं झोपत असत. का झोपत, ते कोणाला ठाऊक नव्हतं. तुम्हीही जरा दम धरा.

तांबोळ्याचं नाव दस्तगीरभाई. गावच्या उरुसात पहिला विडा त्याच्या घरचा, हा आजोबांपासूनचा मान. पण त्या साली ऊन असं तापलं की कोंबड्या उकडलेलीच अंडी घालू लागल्या. विड्याची पानं टोपलीतल्या टोपलीत करपू लागली. पानं टिकली नाहीत तर यंदा शेजारच्या गावच्या तांबोळ्याला बोलावू, असं पंचांनी सांगून टाकलं.

दस्तगीरभाईने शक्कल लढवली. विहिरीतली गार हवा ओढणारा मोठा लाकडी पंखा काठावर बसवला. तो फिरवायला बैल जुंपला. आणि मातीचे भाजलेले नळ एकात एक घालून भिंतीच्या कडेने थेट पानांच्या खोलीत नेले. पंखा बघायला गाव लोटलं. नळांचे सांधे कोणी बघितले नाहीत, म्हणून त्यानेही बघितले नाहीत.

बैल फिरला, पंखा घुमला, खोलीत पान काही हलेना. त्याने दुसरा बैल आणला, मग तिसरा. पंखा असा गरजू लागला की वरून जाणारे ढग थांबून कान देत. पानं करपतच होती.

भिंतीला लागून खंडू शिंप्याचं दुकान होतं. तो रोज डोकावून सांगे, "दस्तगीरभाई, जोर कमी पडतोय. आणखी एक बैल जोडा." हे सांगताना भर वैशाखात त्याच्या अंगात लोकरीची बंडी असे. याचं नवल एकट्या जैतूनबीला, दस्तगीरभाईच्या बायकोला वाटलं. तिला मांजरांचंही नवल वाटे. एक मांजर, मग थोडी जागा, मग दुसरं मांजर. कोणी दोरी धरून झोपवल्यासारखी.

दर गुरुवारी ती घरात लोबानाचा धूर फिरवायची. त्या गुरुवारी तिने निखाऱ्यांची ऊददाणी पंख्यामागे ठेवली आणि ती नळाच्या कडेने चालत निघाली. प्रत्येक मांजराच्या डोक्यावर धुराची शेंडी उभी होती. खंडू शिवता शिवता खोकत होता. पानांच्या खोलीत मात्र लोबानाचा वाससुद्धा नव्हता.

"अहो, तुमचे तिन्ही बैल मांजरांच्या चाकरीला आहेत," ती म्हणाली.

दस्तगीरभाई तेव्हा चौथा बैल ठरवायला निघाला होता. एवढ्या मोठ्या पंख्याचा मालक, त्याने मांजरं हाकलत उकिडवं बसून फटी बुजवायच्या? गाव हसलं असतं. त्याने टोपलीतलं एक पान उचललं, त्याचा हातातच चुरा झाला. मग त्याने बाह्या सरसावल्या.

तांबोळ्याकडे चुन्याला काय तोटा? खंडूकडून चिंध्या आणल्या. कशाला हव्यात ते खंडूने विचारलं नाही. विचारलं असतं तर दिल्या नसत्या. चुन्यात भिजवलेल्या चिंध्या दस्तगीरभाईने सांध्यासांध्यात ठासल्या.

चुना वाळला, तशी सगळी मांजरं उठून पानांच्या खोलीच्या दाराशी येऊन निजली. दस्तगीरभाईला हसू फुटलं. त्याने दाराखाली गोणपाटाची गुंडाळी ठोकली, कौलांच्या फटी लिंपल्या. जैतूनबी म्हणाली, "कोंदट हवा जायला वर एक झरोका राहू द्या. भोक असावं, पण आपल्या मर्जीचं."

दोन बैल परत गेले. उरलेला एक म्हातारा बैल डुलक्या घेत फिरायचा, तरी पानं इतकी गार राहिली की उरुसात पहिला विडा खाताना पाटलांचे दात वाजले.

खंडू बंडी काढून घाम पुसत आला. "भाई, बैल दमला वाटतं तुमचा?"

"नाही खंडू," दस्तगीरभाई म्हणाला, "तो आता आमच्या घरी कामाला आहे."

आणि मांजरं? ती आता छपरावर झोपतात, झरोक्यापाशी.

तात्पर्य: जोर वाढवण्याआधी फटी शोधून बुजवाव्यात, नाहीतर बैल आपला दमतो आणि गारवा मात्र शेजारी खातो.